घोडीच्या सांध्यातलं इंजेक्शन आणि त्यानंतरचा संसर्ग

सांध्यात इंजेक्शन दिल्यावर घोड्याला संसर्ग होण्याची शक्यता फार कमी असते, असं डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं आणि ते खरंही आहे. ऑस्ट्रेलियात शर्यतीच्या घोड्यांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १६,६२४ इंजेक्शनांची नोंद होती आणि सांध्यात संसर्ग झालेले घोडे होते १३. म्हणजे साधारण तेराशे इंजेक्शनांमागे एक. माझी केशर त्या एकात आली. तिचा सांधा वाचला, ती चालते, फिरते. पण मधल्या काळात जे पाहिलं ते लिहून ठेवायला हवं असं वाटतं. या आजारात सगळा खेळ वेळेचा असतो आणि दिवसभर घोड्याजवळ माणूस असतो तो पागेतला. डॉक्टर तिथे नसतात.

केशर कुमैत रंगाची, मध्यम वयाची घोडी. पुढच्या डाव्या पायाच्या फेटलॉकमध्ये, म्हणजे खुराच्या वरच्या घोट्यासारख्या सांध्यात, संधिवात सुरू झाला होता. सकाळी पागेतून बाहेर काढली की पहिली काही पावलं आखडून टाकायची. गोलात दुडक्या चालीवर घेतली की डावं पाऊल आखूड पडायचं. डॉक्टरांनी सांधा दुमडून धरून लगेच पळवून पाहिलं, मग एकेक नस बधिर करत दुखणं नेमकं कुठलं आहे ते शोधलं, एक्स-रे काढले. सांध्याच्या कडेला हाड किंचित वाढलेलं दिसत होतं. तोंडावाटे औषधं देऊन झाली, काम कमी करून झालं, नालबंदाकडून नाल बदलून झाले. त्यानंतर सांध्यात ट्रायअॅम्सिनोलोन हे स्टेरॉइड आणि सोबत हायल्युरॉनिक अॅसिड द्यायचं ठरलं. स्टेरॉइड आतला दाह शमवतं, हायल्युरॉनिक अॅसिड सांध्यातल्या पाण्याचा चिकटपणा टिकवायला मदत करतं. निर्णय योग्य होता आणि आजही मला तो योग्यच वाटतो.

धोका कुठे आहे हे डॉक्टरांनी त्याच वेळी समजावून सांगितलं. सांधा ही बंद पिशवी. बाहेरच्या जिवाणूंना तिथे पोचायला वाट नसते. सुई ती वाट तयार करते. कातडीवर कितीही घासलं तरी केसांच्या मुळांत जिवाणू उरतातच, आणि सुई आत शिरताना केसाचा किंवा कातडीचा बारीकसा कण सोबत नेऊ शकते. एरवी असे चार-दोन जिवाणू शरीर मारून टाकतं. पण आपण त्याच वेळी आत जे औषध सोडतो, ते पांढऱ्या पेशींचा जोर कमी करणारं असतं. काही औषधांच्या बाबतीत हे फारच ठळक आहे. पॉलिसल्फेटेड ग्लायकोसॅमिनोग्लायकॅन नावाचं औषध सांध्यात दिलं, तर एरवी निरुपद्रवी ठरतील इतके थोडे स्टॅफिलोकॉकस ऑरियस जिवाणूही सांधा पिकवायला पुरतात, हे घोड्यांवरच्या प्रयोगांतून दिसलेलं आहे. म्हणून ते औषध बरेच डॉक्टर स्नायूतच देणं पसंत करतात.

इंजेक्शनची तयारी मी अगदी जवळ उभी राहून पाहिली. जागा धुतलेली, वारा न लागणारी. भुसा, गवत काहीच आसपास नाही, कारण उडालेली धूळ थेट सुईवर बसते. डॉक्टरांनी आधी सांध्यावरची कातडी बोटांनी चाचपून पाहिली. खपली, पुरळ, ओरखडा काही असतं तर त्यांनी इंजेक्शन पुढे ढकललं असतं. केस वस्तऱ्याने काढले नाहीत. वस्तऱ्याने कातडीला दिसणार नाहीत अशा चिरा पडतात आणि त्यात जिवाणू माजतात. आखूड केस तसेच ठेवूनही नीट घासलं तर कातडीवरच्या जिवाणूंची संख्या तेवढीच खाली येते, हे तपासून पाहिलेलं आहे. केशरला गुंगी दिली. मग क्लोरहेक्सिडिनच्या साबणाने घासणं सुरू झालं. मधून बाहेर, गोल गोल, आणि कडेला गेलेला बोळा परत मध्ये आणायचा नाही. पाच मिनिटं हा वेळ बोलताना लहान वाटतो, पण वाकून एकाच जागी घासत राहणाऱ्या माणसाला तो फार मोठा असतो. घाई होते ती इथेच. शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवला, तो पांढरा स्वच्छ निघेपर्यंत.

औषधाची बाटली नवी, तिथेच सील तोडलेली. औषध ओढायला एक सुई, सांध्यात घालायला दुसरी. हातमोजे निर्जंतुक, आणि ते घातल्यावर डॉक्टरांनी दुसऱ्या कशाला हात लावला नाही. बाटली साहाय्यकाने धरली. सुई घालताना केशरने पाय झटकला आणि सुईचं टोक घासलेल्या जागेबाहेरच्या केसांना लागलं. डॉक्टरांनी ती सुई बाजूला टाकली, मोजे बदलले, जागा पुन्हा पुसून घेतली आणि नवी सुई घेतली. दुसऱ्या वेळी ती बरोबर आत गेली. सुईच्या मागच्या तोंडातून फिकट पिवळा, पारदर्शक थेंब हळूच बाहेर आला आणि तार धरत खाली ओघळला. सांध्यातलं निरोगी पाणी असं दिसतं, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं. तो थेंब पाहून ठेवला हे बरं झालं, कारण पुढे तुलना करायला तोच उपयोगी पडला.

सोबत थोडं अमिकासिन घालावं का, यावरही बोलणं झालं होतं. बरेच डॉक्टर खबरदारी म्हणून हे प्रतिजैविक त्याच सिरिंजमध्ये मिसळतात. आमच्या डॉक्टरांचं मत वेगळं होतं. त्याने रोजच्या इंजेक्शनांमधला संसर्ग कमी होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, आणि प्रयोगशाळेत अमिकासिनने कूर्चेच्या, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाच्या, पेशी मरताना दिसल्या आहेत. स्वच्छतेत कुठे कसर राहिली तर ती औषधाने भरून काढता येत नाही, असं ते म्हणाले. मला ते पटलं होतं. पुढे जे घडलं त्यानंतर अनेकांनी मला विचारलं की अमिकासिन घातलं असतं तर टळलं असतं का. याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही, आणि एका घोड्यावरून तेराशे इंजेक्शनांचा नियम ठरवू नये.

इंजेक्शननंतर पायावर स्वच्छ पट्टी, पागेतच विश्रांती, मग हाताने धरून थोडं थोडं फिरवणं. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावायचा. मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं, पण आपल्या घोड्याचं रोजचं किती ते ठाऊक असणं जास्त उपयोगाचं. सुरुवातीचे दिवस इतके छान गेले की मन निवांत झालं. सांधा थंड, पाऊल मोकळं, केशर आधीपेक्षा सरळ चालायला लागली.

स्टेरॉइडमधली खरी भीती इथे आहे. जे औषध संधिवाताची सूज आणि वेदना दाबतं, ते संसर्गाची सूज आणि वेदनाही दाबतं. साध्या जखमेतून सांधा पिकला तर घोडा एक-दोन दिवसांत पाय उचलून धरतो. स्टेरॉइड दिलेल्या सांध्यात मात्र जिवाणू वाढत असतात आणि वरून सगळं छान दिसतं. लक्षणं कधी तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात, कधी आठवडा उलटून, कधी त्याहीनंतर. तोवर घरच्यांनी इंजेक्शनची गोष्ट मागे टाकलेली असते आणि घोडा लंगडला तर खुरात काही रुतलं असेल असं वाटतं.

आमच्याकडे हे सकाळी लक्षात आलं. पागेतले मामा केशरला खरारा करायला गेले आणि तसेच परत आले. "ताई, ती पाय टेकवतच नाहीये," एवढंच म्हणाले. जाऊन पाहिलं तर डाव्या पायाचं फक्त खुराचं टोक जमिनीला लागलं होतं. गवत तसंच पडलेलं. फेटलॉकच्या वर, नळीच्या हाडामागे दोन्ही बाजूंना फुगवटा आला होता आणि हात लावताच ऊन लागत होता. सांधा किंचित दुमडायला गेले तर तिने पाय हिसकावला आणि कान मागे पाडले. नाकपुड्या फुललेल्या, नाडी वाढलेली. ताप मात्र नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण ताप नाही म्हणून संसर्ग नाही असं मोठ्या घोड्याच्या बाबतीत अजिबात धरता येत नाही.

पागेत जमलेल्यांपैकी एक-दोघांचं म्हणणं होतं की ही औषधाची प्रतिक्रिया असेल, बर्फ लावून एक दिवस पाहू. अशी प्रतिक्रिया येते खरी. औषधामुळे सांधा चिडतो, सुजतो, घोडा लंगडतो. पण ती बहुतेक वेळा इंजेक्शननंतर चोवीस तासांच्या आत येते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. केशरला इंजेक्शन देऊन बरेच दिवस झाले होते. मी फोन केल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की सूज कधी आली. दुसरं वाक्य होतं, "वेदनाशामक देऊ नका, मी येईपर्यंत काहीही देऊ नका." वेदनाशामक दिलं की चाल सुधारते आणि चित्र धूसर होतं. प्रतिजैविक आधीच दिलं तर तपासणीत जिवाणू उगवत नाहीत. माझं आता ठाम मत आहे की इंजेक्शन दिलेला सांधा सुजला आणि घोडा एकदम लंगडायला लागला, तर सांध्यातलं पाणी तपासेपर्यंत त्याला संसर्गच मानावं. प्रतिक्रिया निघाली तर एका तपासणीचाच त्रास झाला. संसर्ग निघाला आणि एक दिवस वाट पाहिली, तर तो दिवस कूर्चेतून वजा होतो. कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी उगवत नाही.

सांध्यातलं पाणी काढायलाही तीच सगळी तयारी, तेच पाच मिनिटं घासणं. यावेळी सुई आत जाताच पाणी जोराने बाहेर आलं. नारिंगी, गढूळ आणि पातळ. डॉक्टरांनी एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं लांब केली, पण तार धरलीच नाही, थेंब तुटला. निरोगी पाण्याची तार दोन-तीन सेंटिमीटर तरी ओढली जाते. थोडं पाणी पेशी मोजायला वेगळ्या नळीत घेतलं आणि थोडं सरळ ब्लड कल्चरच्या, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखायच्या, बाटलीत, कारण साध्या बोळ्यावर घेतलेल्या नमुन्यापेक्षा त्यात जिवाणू उगवण्याची शक्यता जास्त असते. निरोगी सांध्यात दर मायक्रोलिटरला पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली असतात, प्रथिनं डेसिलिटरला दोन-अडीच ग्रॅमच्या आत. पेशी तीस हजारांच्या वर गेल्या, त्यात न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी ऐंशी टक्क्यांहून जास्त आणि प्रथिनं चार ग्रॅमच्या पुढे, की सांध्यात संसर्ग आहे असं समजून उपचार सुरू करतात. केशरचे तिन्ही आकडे या रेषा ओलांडून बरेच पुढे होते. रक्तातलं सीरम अॅमिलॉइड ए हे प्रथिनही खूप वाढलं होतं. निरोगी घोड्यात ते जवळपास नसतंच, संसर्ग झाला की काही तासांत चढतं. कल्चरचा निकाल यायला वेळ लागतो, तोवर थांबायचं नसतं. त्याच दिवशी तिला दवाखान्यात हलवलं.

सांधा धुण्याचे दोन मार्ग होते. घोडा गुंगीत उभा ठेवून एका बाजूने जाड सुई घालायची आणि दुसऱ्या बाजूच्या सुईतून द्रव बाहेर काढायचा, किंवा पूर्ण भूल देऊन दुर्बिणीने आत बघत धुवायचं. भूल देणं घोड्याच्या बाबतीत सोपी गोष्ट नाही. एवढ्या वजनाचं जनावर आडवं पडतं, उठताना धडपडतं, आणि भूल देण्याचा धोका माणसापेक्षा घोड्याला कितीतरी जास्त असतो. केशरचा तर एक पाय आधीच निकामी. तरीही शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीचा आग्रह धरला, आणि पडद्यावर जे दिसलं त्यावरून त्यांचं म्हणणं बरोबर ठरलं. सांध्याच्या आतल्या अस्तरावर पिवळसर फायब्रिनचे, म्हणजे साकळलेल्या चिकट प्रथिनाचे, थर लोंबत होते. त्या थरांत जिवाणू लपून बसतात आणि औषध तिथे पोचत नाही. नुसत्या सुईने धुतलं असतं तर ते सुईतून बाहेर आले नसते. त्यांनी ते एकेक करून काढले, कूर्चा तपासली, सलाइनसारखं रिंगर लॅक्टेट अनेक लिटर, निर्जंतुक, आतून फिरवलं आणि शेवटी सांध्यात अमिकासिन सोडलं. कूर्चा बऱ्यापैकी शाबूत होती. एका कडेला थोडी झिजलेली, पण ती जुन्या संधिवाताची असावी.

केशर भुलीतून उठताना मी दाराबाहेर उभी होते. ती दुसऱ्या प्रयत्नात उठली, तिन्ही पायांवर तोल सावरला आणि चौथा हळूच टेकवला. सकाळी जो टेकवत नव्हती तो. धुतल्यावर सांध्यातला दाब उतरतो, म्हणून हा फरक लगेच दिसतो. अजून काहीच संपलेलं नव्हतं, तरी मला रडू आलं.

पुढचे दिवस औषधांच्या वेळापत्रकावर चालले. शिरेतून पेनिसिलिन दर सहा तासांनी, जेंटामायसिन हे दुसरं प्रतिजैविक दिवसातून एकदा, सोबत फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक. जेंटामायसिन आणि फ्लुनिक्सिन दोन्ही मूत्रपिंडावर भार टाकतात, म्हणून ती पाणी किती पिते यावर लक्ष आणि मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन पुन्हा पुन्हा तपासणं. सांध्याजवळच्या शिरेतूनही औषध देत होते. गुंगी देऊन सांध्याच्या वर रबराचा पट्टा घट्ट आवळायचा, खालच्या शिरेत पातळ केलेलं अमिकासिन सावकाश सोडायचं आणि अर्धा तास पट्टा तसाच ठेवायचा. रक्त वर जात नाही, त्यामुळे औषध त्या टापूत साचून सांध्यात भिनतं. एरवी सगळ्या शरीरातून देऊन जेवढी मात्रा सांध्यात कधीच पोचणार नाही, तेवढी अशी पोचते. त्या अर्ध्या तासात घोड्याने पाय झटकला तर पट्ट्याखालून औषध निसटतं, म्हणून मी तिच्या डोक्याशी उभी राहून मोरकी धरायची आणि कपाळावर हात ठेवायची.

दुसऱ्या पुढच्या पायाची काळजी मला आधी सुचलीही नव्हती. एक पाय दुखतो म्हणून घोडा सगळा भार दुसऱ्यावर टाकतो, आणि चांगल्या पायाच्या खुरात लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थरांचा दाह, होऊ शकतो. सांध्याचा संसर्ग बरा होत आलेला असताना या कारणाने घोडे गमावल्याच्या गोष्टी दवाखान्यातल्या लोकांनी पाहिलेल्या होत्या. केशरच्या उजव्या खुराच्या तळव्याला मऊ आधार बांधला, खाली जाड भुसा घातला, आणि खूर गरम लागतोय का, घोट्याखालची नाडी ठणकतेय का, हे प्रत्येक फेरीत पाहिलं जायचं. मामांनाही नाडी बघायला शिकवलं. ते दर वेळी मोठ्याने सांगायचे, नाडी शांत आहे, खूर थंड आहे.

कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस उगवला. इंजेक्शननंतरच्या संसर्गात तोच सर्वांत जास्त सापडतो. नशिबाने तो अमिकासिनला दाद देणारा होता. बऱ्याच घोड्यांत कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, तरीही पेशींचे आकडे आणि लक्षणं बघून उपचार पूर्ण करावे लागतात. पुन्हा काढलेल्या पाण्यात पेशी कमी झाल्या, तार पुन्हा धरू लागली आणि सीरम अॅमिलॉइड ए झपाट्याने उतरलं. हे प्रथिन जितक्या लवकर चढतं तितक्याच लवकर उतरतं, त्यामुळे उपचार लागू पडताहेत का हे त्याच्यावरून चांगलं कळतं. पुढे काही आठवड्यांनी एक्स-रे काढला. हाडात संसर्ग शिरला असेल तर तो एक्स-रेवर दिसायला दोन आठवडे तरी जातात, म्हणून सुरुवातीच्या स्वच्छ एक्स-रेवर समाधान मानायचं नव्हतं. नंतरचाही स्वच्छ निघाला.

जिवाणू आत कुठून गेला, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला. तेही तो आधीच स्वतःला विचारत होते. आम्ही दोघांनी तो दिवस पायरी पायरीने उकरून काढला. पाय झटकला तेव्हा सुई बदलली होती, मोजे बदलले होते, बाटली नवी होती. चुकलेली जागा सापडली नाही. सगळं नीट केल्यावरही जो थोडा धोका उरतो, तो कुणाच्या तरी घोड्याच्या वाट्याला येतोच. डॉक्टरांवरचा माझा विश्वास यामुळे कमी झाला नाही. ते स्वतः रोज दवाखान्यात येऊन केशरला पाहून जात होते.

बरं होणं हळूहळू झालं. आधी नुसती पागेत विश्रांती, मग हाताने धरून फिरवणं, मग सांधा दुमडून-ताणून करायचे व्यायाम, म्हणजे आतलं अस्तर घट्ट होऊन सांधा आखडू नये. तो थोडा आखडलाच. पूर्वी जेवढा दुमडायचा तेवढा आता दुमडत नाही आणि उडीचं काम आम्ही कायमचं थांबवलं. सपाट जमिनीवर ती छान चालते, दुडक्या चालीवर समतोल पडते. ज्यांचे उपचार लवकर सुरू होतात असे बहुतेक घोडे या संसर्गातून जगतात, पण पूर्वीच्या कामावर परतणारे त्यांच्यापेक्षा कमी असतात. केशर या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे.

आता तिच्या मागच्या पायाच्या हॉकलाही, म्हणजे पायाच्या मधल्या मागे वळलेल्या सांध्यालाही, संधिवाताची सुरुवात आहे. पुन्हा इंजेक्शन द्यायचं का, यावर मी बराच विचार केला आणि डॉक्टरांशी अनेकदा बोलले. सध्या व्यायाम, वजन आणि नाल यांवर भर आहे. तेवढ्यावर भागलं नाही तर इंजेक्शन देऊ, कारण रोजचं दुखणं सोसायला लावणं हाही घोड्यावर अन्यायच आहे. त्या वेळी दवाखान्यातल्या स्वच्छ खोलीतच द्यायचं, एका दिवशी एकच सांधा, आधी सीरम अॅमिलॉइड ए मोजून ठेवायचं, आणि त्यानंतरचे दोन आठवडे मी किंवा मामा, दोघांपैकी एकाने रोज दोनदा सांध्यावर हात ठेवून पाहायचं आणि पागेतल्या वहीत लिहायचं. डॉक्टरांचा रात्रीचा फोन नंबर त्याच वहीच्या पहिल्या पानावर आहे.